गायचं आम्ही, बांधायचं त्यांनी?

गाणं शिकायला लागून मला २२ वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. भूप रागात एक छोटी बंदिश मी स्वतः बांधली आणि भीतभीत गुरुजींना ऐकवली. ते रागावले नाहीत, हसले. म्हणाले, "बाई, बंदिश बांधणं हा अधिकाराचा भाग आहे. आहेत त्या आधी नीट म्हणा." मी मान डोलावली, पाया पडले आणि घरी आले. त्याच वर्षी गुरुपौर्णिमेला त्यांच्या एका तरुण शिष्यानं स्वतःची बंदिश म्हटली. तो माझ्यापेक्षा दहा वर्षं कमी शिकलेला. तेव्हा मात्र सगळे म्हणाले, मुलगा विचार करतो हं!

बाईनं गावं, पुरुषानं बांधावं, ही वाटणी केली कुणी? आणि आपण ती इतकी वर्षं निमूट पाळली कशी?

ख्यालाच्या बंदिशी नीट वाचून बघा, मैत्रिणींनो. गाताना शब्दांकडे लक्ष जात नाही, म्हणून वाचून बघा. त्यांत बोलते कोण? बहुतेक वेळा बाईच. सासू जागी आहे, नणंद टपलेली आहे, पैंजण वाजतंय, तो सवतीकडे रात्र काढून पहाटे आलाय आणि ही दारात उभी आहे. आणि शेवटी छाप कुणाची? सदारंग, अदारंग, मनरंग, प्रेमपिया, सबरंग, गुणिदास. सगळे पुरुष. सदारंगांच्या कितीतरी रचनांत तर त्यांचा पोशिंदा बादशहा मुहम्मदशाह याचंही नाव आलं. बादशहाला जागा मिळाली, जिच्या तोंडून सगळं वदवलं तिला नाही. नणंदेच्या भीतीनं पाऊल अडखळणारी ही बाई पुरुषांनी लिहिली आणि आपण ती जन्मभर तन्मयतेनं गायलो.

यावर हमखास उत्तर येतं: प्रभाताई अत्रे नाहीत का? किशोरीताई नाहीत का? आहेत ना! मारुबिहागातली 'जागूं मैं सारी रैना' प्रभाताईंची, भूपातली 'सहेला रे' किशोरीताईंची. प्रभाताईंनी बंदिशींचे संग्रह काढले, नवे राग बांधले, २०२४ साली जाईपर्यंत त्या याविषयी बोलत-लिहीत राहिल्या. पण ही दोन नावं आपल्यासमोर ठेवली जातात ती बहुधा आपल्याला गप्प करायला. त्या असामान्य होत्या, तुम्ही नाही, तेव्हा तुम्ही रियाज करा. पुरुषाला बांधायला मात्र असामान्य असावं लागत नाही. बरा असला तरी चालतं.

'बंदिश स्फुरते' हे दुसरं थोतांड. आग्रा घराणं घ्या. फैयाज खाँ 'प्रेमपिया', विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया', खादिम हुसेन खाँ 'सजनपिया', फैयाज खाँचे सासरे मेहबूब खाँ 'दरसपिया'. एकाच गोतावळ्यात इतक्या जणांना स्फुरलं, हा काय योगायोग? ही माणसं एकमेकांत उठत-बसत होती. एकानं बांधलेलं दुसऱ्याच्या कानावर पडत होतं. कुणी नाक मुरडत असेल, कुणी मुखडा फिरवून दाखवत असेल, कुणी ईर्ष्येनं दुसऱ्या दिवशी स्वतःचं घेऊन येत असेल. बांधायचं कसं ते अशा सोबतीत हाताला लागतं. त्याच घरांतल्या लेकीसुना पडद्याआड होत्या. त्यांना ती बैठक मिळाली नाही, आणि मग निष्कर्ष असा निघाला की बायकांना स्फुरत नाही!

संगीतरत्नाकरात शारंगदेवानं शब्द आणि स्वर दोन्ही रचणाऱ्याला 'वाग्गेयकार' म्हटलं, त्याचे गुणही सांगितले. शब्दावर हुकमत हवी, तालाची जाण हवी, रागाची जाण हवी. यांतलं एकही अंगी यायला पुरुष असावं लागत नाही. सराव लागतो, आणि तो चुकला की सांगणारं कुणीतरी लागतं.

ते सांगणारं कुणी गुरुजींकडे नव्हतं, म्हणून आम्ही सहाजणी जमायला लागलो. एकाआड एक शनिवारी, एकीच्या घरी, जेवणं उरकून. सुरुवात नुसत्या सरगमगीतांपासून केली, शब्द नाहीतच. मग जुन्या बंदिशीची चाल तशीच ठेवून तीत आपले शब्द बसवायचे. मग उलटं, जुने शब्द आणि चाल आपली. हे सगळं वर्षभर. त्यानंतर पूर्ण आपलं. नियम दोनच. एक, जिनं बांधलं तिनं ठेक्यावर दोनदा म्हणायचं आणि गप्प बसायचं. 'मला असं म्हणायचं होतं' हे चालणार नाही. दोन, बाकीच्यांनी मत देण्याआधी ती बंदिश आठवून म्हणून दाखवायची. पाचजणी जिथे अडखळतात तिथे बंदिश कच्ची आहे. याहून प्रामाणिक परीक्षक मला कुठल्याही परीक्षेत भेटलेला नाही.

माझी ती भुपातली बंदिश मी इथे पुन्हा काढली. शब्द मराठीच ठेवले होते: दिवे लागले, घरी मी नाही. म्हणून झालं आणि सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. एक म्हणाली, "दिवे लागले म्हणतेस आणि राग सकाळचा गातेस?" खरंच की! भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पण भूप गंधारावर विसावतो, संध्याकाळचा राग. देशकार धैवत धरून वर राहतो, तो सकाळचा. मी उत्साहाच्या भरात दर ओळीला धैवतावर जाऊन बसत होते. २२ वर्षं भूप गायले, पण वादी-संवादी माझ्यासाठी परीक्षेत लिहायचे शब्दच राहिले होते. आयत्या बंदिशीत तो विचार दुसऱ्यानं करून ठेवलेला असतो. स्वतः बांधताना तो आपल्याला करावा लागतो, तेव्हा कुठे राग कळायला लागतो. 'आधी गा, मग बांधा' म्हणणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे: बांधल्याशिवाय मला गाणं कळलं नव्हतं.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. तीनतालात मी मुखडा बाराव्या मात्रेपासून उचलला होता. दि-वे-ला-ग-ले अशा पाच मात्रा आणि सम 'घरी'च्या 'घ'वर. आमच्यातली एक, जिची आई जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायची, पटकन म्हणाली, "अगं, तुझी सम घरावर पडतेय. घराबाहेर पडलीस आणि सगळा जोर घरावरच?" त्यात 'घ' ऱ्हस्व, समेवर टिकेना. दोन तास आम्ही टाळ्या देत बसलो. शेवटी मुखडा नवव्या मात्रेपासून, खालीपासून उचलला. दि-वे-ला-ग-ले-घ-री-मी, बरोबर आठ, आणि सम 'नाही'च्या 'ना'वर, गंधारावर. म्हणून बघा. एक अक्षर बदललेलं नाही, पण गाण्यातली बाई बदलली.

हे मला एकटीला सुचलं नसतं. आणि तिनं 'छान झालंय गं' म्हटलं असतं तर कधीच झालं नसतं. या 'छान'बद्दल मला जरा कडू बोलायचं आहे. आपल्या गटांमध्ये एखादीनं काही लिहिलं, गायलं की आपण टाळ्या वाजवतो. बिचारी पहिल्यांदाच बोलतेय, तिला मोडायचं नाही, ही भावना मी समजू शकते. पण दहाव्या वेळीही तेच? बाईच्या कामाला कसोटी न लावणं हाही तिला कमी लेखण्याचाच प्रकार झाला. आमच्याकडे एकदा एकजण रडून उठून गेली, महिनाभर आली नाही. आमचंही चुकलं होतं, आम्ही बंदिशीऐवजी तिच्या आवाजावर घसरलो होतो. ती परत आली ती नवा अंतरा घेऊनच.

आता चळवळीतल्या मैत्रिणींचा आक्षेप. हुंडा, हिंसाचार, रेशन, पाणी हे प्रश्न सोडून ही भूप-देशकाराची चैन कशाला? शास्त्रीय संगीत उच्चवर्णीयांचं, त्यात आपलं काय? उच्चवर्णीयांचं? मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर गोव्याच्या कलावंत घरांतून आल्या. ज्यांना प्रतिष्ठितांच्या घरात पाऊल ठेवायची चोरी होती त्यांच्या गळ्यानं हे गाणं तगलं. ते आपण होऊन सोडून द्यायचं? आणि आपल्या मोर्चाच्या गाण्यांचं तरी काय चाललंय? शब्द आपले आणि चाल कुठल्यातरी सिनेमाची. घाईत ठीक आहे, मीही तशी गाणी गायली आहेत. पण इतक्या वर्षांत आपल्याला स्वतःच्या चालीची गरजच वाटली नाही, याची टोचणी लागायला नको?

शिवाय हे आपल्याला नवीन आहे कुठे? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जात्याला दोघी बसतात. एकीनं ओवी टाकली की दुसरी ती उचलते, पुढची जोडते. माझ्या मैत्रिणीच्या आईला ज्या शेजारणीनं 'ही बसत नाही गं' म्हणून सांगितलं असेल ती तिची समीक्षकच. कुणाच्या अधिकाराची वाट त्या बायकांनी पाहिली नाही. फक्त त्यांची नावं ओव्यांवर राहिली नाहीत.

म्हणून नावावरून आमच्यात सध्या भांडण चालू आहे. दोघी म्हणतात, बंदिशी सगळ्यांनी मिळून घडवल्या, छाप टाकणं म्हणजे पुरुषांचीच नक्कल, निनावी ठेवू. मला हे मान्य नाही. निनावी राहण्याचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे. ज्यांनी सुधारलं त्यांचे आभार वहीत लिहू, पण अंतऱ्यात बांधणारीचं नाव यायला हवं. चार वर्षांत मी ४१ बंदिशी बांधल्या, त्यांतल्या तीन गाण्याजोग्या आहेत. त्या तिन्हींत माझं नाव घालायचं ठरवलं आहे, फक्त भुपातल्या अंतऱ्यात ते अजून तालात बसत नाही. पुढच्या शनिवारी तेच घेऊन बसायचं आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं, ब्रज येत नसेल तरी चालेल, पेटी नसेल तरी चालेल. येताना स्वतः बांधलेल्या दोन ओळी मात्र आणाव्यात. नुसतं ऐकायला येणारीला आमच्याकडे चहा मिळतो, मत मांडायला मिळत नाही.