रेणू जुना, औषध नवे

मुलांच्या रक्तकर्करोगासाठी टाटा मेमोरियल सेंटरने बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जबरोबर ‘प्रिव्हॉल’ हे तोंडावाटे घ्यायचे पातळ औषध तयार केले. २०२५ साली ते जाहीर झाले. ‘यात संशोधन ते काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. त्यातले मर्कॅप्टोप्युरीन गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतले; अमेरिकेत त्याला १९५३ साली मान्यता मिळाली. त्याचे पातळ रूपही युरोप-अमेरिकेत दशकभरापूर्वीच आले. शिवाय आपल्याकडची कितीतरी मुले गोळीच्या तुकड्यांवर बरी झाली आहेत. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा आहे.

गोळी ५० मिलिग्रॅमची असते आणि मात्रा ठरते मुलाच्या शरीराच्या पृष्ठभागावरून. ०.६ चौरस मीटर पृष्ठभागाच्या मुलाला चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅम द्यायचे, तर रोजची मात्रा ३६ मिलिग्रॅम होते. अर्धी गोळी कमी पडते, अख्खी जास्त होते. एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी दिली तर आठवड्याचा हिशेब जवळपास जुळतो, रोजचा जुळत नाही. सुरीने केलेले दोन तुकडेही सारखे निघतीलच असे नाही. मात्रा कमी पडली तर आजार उलटण्याचा धोका, जास्त झाली तर पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्गाचा. काही भारतीय मुलांमध्ये एनयूडीटी१५ या जनुकाचा असा प्रकार आढळतो की त्यांना नेहमीच्या मात्रेचा लहानसा अंशच सोसतो. तो अंश गोळी मोडून कसा काढणार? मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असलेल्या द्रावात मात्र ३६ मिलिग्रॅम म्हणजे सिरिंजवरचे ३.६ मिलिलिटर.

‘मग गोळी कुटून पाण्यात कालवा’ हा सल्ला त्याहून धोक्याचा. मर्कॅप्टोप्युरीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते तळाशी बसते. वरचा घोट फिका, खालचा तीव्र. कुटताना उडणारी पूड पेशींना घातक असते, ती घरच्यांच्या श्वासात जाते. कण सारखे तरंगत राहावेत आणि प्रत्येक घोटात औषध तेवढेच असावे, हे साधणे म्हणजेच औषधनिर्माणशास्त्र.

बाटली प्रत्येक वेळी नीट हलवावी लागते आणि मोठ्या मुलांना गोळी चालते, हे मान्य. पण हा उपचार रुग्णालयात होत नाही; दोनेक वर्षे रोज घरी, आईबापांच्या हातून होतो. ठरलेल्यापैकी ९५ टक्क्यांहून कमी मात्रा घेतलेल्या मुलांमध्ये आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक असल्याचे अमेरिकेतील अभ्यासात दिसले आहे. म्हणून गिळायला सोपे आणि मोजायला अचूक असणे हा औषधाच्या गुणाचाच भाग आहे. परदेशातली बाटली इथल्या मुलाच्या हाती पडत नसेल, तर ती असून नसल्यासारखीच. ती इथे घडवणे हे अस्सल संशोधन आहे, आणि ते औषध प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर मोफत मिळाले पाहिजे.