मानेवरचे ओझे



उर्दूत आपण जिला 'गर्दन' म्हणतो, तिला मराठीत 'मान' म्हणतात. मराठीत 'मान' म्हणजे इज्जतही. ती मान आणि तो मान, एवढाच फरक. फार मेहनत करणाऱ्याविषयी लोक कौतुकाने म्हणतात, "अगदी मान मोडून काम करतो." मला हे कौतुक खटकते. मान मोडण्यात कसला आला आहे मान?

आपल्या मानेत सात मणके असतात. (जिराफाच्या एवढ्या लांब मानेतही सातच!) मोठ्या माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. मान सरळ असली म्हणजे हे वजन मणक्यांवर नीट तोललेले राहते. मान पुढे झुकली की ते सावरण्याचे काम मागच्या स्नायूंवर पडते. भरलेली कळशी आधी अंगाजवळ धरून पाहा, मग हात लांब करून धरा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. तासन्‌तास शिलाई मशीनवर वाकलेली खाला, जमिनीवर वही ठेवून लिहिणारा मुलगा आणि अंथरुणात मोबाइल पाहणारे तुम्ही, सर्वांचे दुखणे एकच. उंच उशी घेऊन झोपले तरी मान अवघडते. फजरच्या नमाजात सलाम फेरताना मान वळत नाही, तेव्हा घरचे म्हणतात, "हवा लागली." बिचाऱ्या हवेचा काय दोष?

काही जण अशा वेळी न्हाव्याकडून मान कडकन मोडून घेतात. कृपा करून असे करू नका. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात, त्यांना इजा होऊ शकते. साधी मानदुखी शेकल्याने आणि हलक्या हालचालीने बहुधा काही दिवसांत थांबते. पण हाताला मुंग्या येत असतील, हातातली ताकद कमी झाली असेल किंवा तापात मान ताठ झाली असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

आता ओझ्याविषयी. जड दप्तर पाठीवर असले की मूल तोल सांभाळायला डोके पुढे काढते. दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने आदेश काढला की, दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. म्हणजे 35 किलो वजनाच्या मुलीचे दप्तर साडेतीन किलोपर्यंतच हवे. हे चांगले झाले.

पण हीच मुलगी घरी गेल्यावर काय उचलते? आपल्या कोरेगाव तालुक्यात ऊस आहे, आले आहे, घेवडा आहे आणि टंचाईची गावेही आहेत. उसाच्या हंगामात तोडणी कामगार स्त्रिया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात. वैरणीचा भारा, सरपणाची मोळी, पाण्याचा हंडा, सारे बायकांच्या डोक्यावर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा भरला की पंधरा किलो झाले, हंड्याचे वजन वेगळेच. त्याविषयी कोणता आदेश आहे?

कोणी म्हणेल, आमच्या आजीने जन्मभर हंडे वाहिले, तिला काही झाले नाही. आजीला विचारले होते का? वयाने मणके झिजतात हे खरे, परंतु आजीची सगळी मानदुखी वयाच्या माथी मारणे मला पटत नाही. घरात सायकल असते. ती भाऊ फिरायला नेतो आणि बहीण हंडा डोक्यावर घेऊन चालते. सायकलला दोन्ही बाजूंनी कळश्या अडकवता येतात, हे त्या भावाला ठाऊक नसते असे नाही.

तुमच्या शाळेत वजनकाटा असेल. दप्तरे तोलण्याच्या दिवशी घरून एक रिकामा हंडाही न्या. तो नळाखाली भरा आणि काट्यावर ठेवा. आकडा फळ्यावर मुलांनी लिहावा.