त्यातून मिळतं काय?

मंडळी, आपल्या नातेवाइकांचा एक लाडका प्रश्न आहे : "त्यातून मिळतं काय?"

माझा पुतण्या क्लाउड इंजिनिअर. कंपन्यांचे सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवणं हे त्याचं काम. शाळेत असताना तो तबला वाजवायचा, मोडके रेडिओ उघडून बसायचा. आता माझ्या वडिलांच्या भजनांच्या जुन्या कॅसेट्स तो रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकावर उतरवून ठेवतो. तर एक म्हणतो, त्यापेक्षा आणखी एक सर्टिफिकेट घे. दुसरा म्हणतो, यूट्यूबवर टाक, पैसे मिळतील. तबला तर केव्हाच माळ्यावर गेला.

या शहाण्यांनी जरा इतिहास बघावा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली फिनलंडमधून लिनक्सची घोषणा केली, तेव्हा हा केवळ छंद आहे असंच लिहिलं होतं. गिडो व्हॅन रॉसमने १९८९च्या नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली, तीही हौस म्हणूनच. आज क्लाउडचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवरच चालतात.

पण माझं भांडण त्याहून पुढचं आहे. लिनक्स कुणीच वापरलं नसतं, तर तो छंद वाया गेला म्हणायचं का? मुळीच नाही! दिवसभर दुसऱ्याने सांगितलेलं काम करणाऱ्याला संध्याकाळचा एक तास तरी बिनहिशेबी हवा. मी जन्मभर पेपर तपासले आहेत, म्हणून ठासून सांगते : प्रत्येक गोष्टीला मार्क द्यायचे नसतात.

तेव्हा पुढच्या वेळी "मिळतं काय" विचारू नका. "वाजवून दाखव रे" म्हणा, आणि शेवटपर्यंत ऐका.