नियम झाकणारा अपवाद

जेम्स डिमोनॅकोचा ‘द पर्ज’ (2013) हा भांडवलशाहीवर आघात करणारा भयपट होय, हे मत तपासून पाहावयास हवे. वर्षातून 12 तास खुनासह सर्व गुन्ह्यांना मुभा, बेकारी अवघी 1 टक्का, अशी त्यातील अमेरिका. गरिबांचा संहार येथे एका रात्रीचा अपवाद ठरतो. उरलेले वर्षभर बाजार जणू निरपराध! कॅमेरा सुरक्षायंत्रणा विकून श्रीमंत झालेल्या सँडिनच्या घराबाहेर सहसा पडत नाही. आश्रयाला आलेल्या कृष्णवर्णीय बेघराला नावदेखील नाही. आणि त्याचे माणूसपण सिद्ध होते ते सँडिनचे उरलेले कुटुंब वाचविल्यावरच. शेजारी उलटतात तेही ‘आमच्या पैशांवर हे गबर झाले’ या आकसापोटी. वर्गसंघर्षाच्या जागी दिग्दर्शकाने शेजाऱ्यांचा मत्सर बसविला आहे.