कुठेच न जाणारी सायकल

गेले तीन शनिवार मी एका सायकलीच्या विचारात घालवले. म्हणजे तिला सायकल म्हणायचं की नाही, इथूनच खरं तर वाद सुरू होतो. चाक एकच, तेही अधांतरी. हँडलच्या जागी एक भलीमोठी स्क्रीन आणि तिच्यात एक तुकतुकीत, घामेजलेला माणूस आपल्याला ओरडून ओरडून प्रोत्साहन देतोय. किंमत ८५,००० रुपये फक्त. त्या ओरडणाऱ्या माणसाचे दरमहा १,००० रुपये वेगळे. बिनव्याजी हप्त्यांची सोय अर्थातच आहे. आजकाल हप्त्यांवर काय मिळत नाही?

व्हिडिओ बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, दोन मिनिटं शांतपणे बघितलं आणि विचारलं, "अरे, पण ही जाते कुठे?"

तेव्हा मी हसलो. नंतर लक्षात आलं की पूर्ण चर्चेतला तो एकच बरोबर प्रश्न होता.

आता हे सायकलीचं खूळ डोक्यात आलं कुठून ते सांगतो. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. वय ३६. बाबांना साखर निघाली ती निवृत्तीनंतर. मी त्यांच्यापेक्षा वीस-बावीस वर्षं आधीच दारात उभा. आणि मी जाडा वगैरे अजिबात नाही हो! लग्नातली पँट अजून होते. "तुला कशाला व्यायाम?" असं मला आजवर किमान पन्नास जणांनी विचारलं असेल, आणि मलाही ते मनापासून पटत होतं.

ज्यांना अजून पटतंय त्यांच्यासाठी एक अस्सल पुणेरी गोष्ट. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे वजनकाटा दोघांना एकच आकडा सांगतो आणि आतला हिशेब दुपटीहून जास्त वेगळा. युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांनी स्वतःच्या व्यायामाबद्दल गंमतीनं लिहिलंय की लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत जाऊन ती पकडणं, हाच आपला मुख्य व्यायाम. वाचताना हसू आलं, आणि मग आठवलं की मी तर लिफ्टसाठीही धावत नाही. दुसरी येते.

तर व्यायाम हवा, यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगतेय की प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. प्रश्न एवढाच, की तो ८५,००० रुपयांना मिळतो का?

सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. सायकल ८५,०००, तीन वर्षांची वर्गणी ३६,०००. एकूण १,२१,०००. आठवड्यातून चारदा म्हणजे तीन वर्षांत ६२४ वेळा बसलो, तर एका बैठकीला १९४ रुपये. ठीक आहे, एका सिनेमाचं तिकीट. पण जर तीन वर्षांत एकूण चाळीसच वेळा बसलो, तर एका बैठकीला ३,०२५ रुपये. आणि जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत 'जेमतेम वापरलेली, नव्यासारखी' अशा सायकली इतक्या दिसतात, की हा चाळीसचा आकडा मला उदार वाटायला लागलाय. शिवाय जागा! ती बया बारा चौरस फूट अडवणार. आमच्या भागात चौरस फुटाला बारा हजारांच्या आसपास भाव आहे. म्हणजे १,४४,००० रुपयांच्या जमिनीवर ८५,००० ची सायकल. भाडेकरूपेक्षा घर महाग.

"पण महाग वस्तू घेतली की पैसे वसूल करायला माणूस वापरतोच," हा मुद्दा मला चार मित्रांनी सांगितला. मीही तो बायकोला ऐकवला. ती म्हणाली, "अरे, तुझा तो गिटार कुठे आहे सध्या?" विषय बदलला.

पण गिटार सोडा, यावर अभ्यास झालेला आहे. डेलाविग्ना आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारी मंडळी सरासरी ४.३ वेळाच जायची. म्हणजे दर खेपेला सतरा डॉलरहून जास्त. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर खेप दहा डॉलरला पडली असती! पैसे भरल्यामुळे माणूस जात नाही. पैसे भरल्यामुळे त्याला 'आपण आता जाणार' असं वाटतं. हे वाटणं फार सुखाचं असतं, आणि दुकानात विकलं जातं ते तेच.

मी तर प्रयोगच केला. माझी मावशी दोन महिने मुलीकडे सिएटलला गेली होती, तिची साधी, नऊ हजारांची व्यायामाची सायकल घरी आणून ठेवली. सहा आठवडे नोंद ठेवली. पहिला आठवडा सहा वेळा. दुसरा चार. तिसरा दोन. चौथ्यात रिलीज होती, शून्य. पाचवा एक. सहावा शून्य. हँडलवर आधी नॅपकिन आला, मग लॅपटॉपची बॅग, आणि शेवटी लेकीचा शाळेचा ओला युनिफॉर्म.

गंमत अशी की हीच सायकल मावशी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार वर्षं रोज वीस मिनिटं चालवतेय. रात्री आठची मालिका सुरू झाली की मावशी सायकलवर. हार्डवेअर तेच, निकाल वेगळा. मग बग कुठे आहे? सायकलीत तर नक्कीच नाही. मावशीकडे आठ वाजताची वीस मिनिटं स्वतःची आहेत. माझ्याकडे साडेसातला अमेरिकेचा कॉल आहे, जो नऊला संपतो, आणि सकाळचा वेळ हिंजवडीच्या रस्त्याला वाहिलेला आहे.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण जुनी झाली. आता नाचता येईना म्हणून आपण नवं अंगण हप्त्यावर घेतो.

आता त्या स्क्रीनबद्दल, कारण हा आपल्या धंद्यातला विषय. तुम्ही घेता ती सायकल नसतेच, दुसऱ्याच्या सर्व्हरला जोडलेली खुर्ची असते. अमेरिकेत फ्लायव्हील नावाची कंपनी अशा सायकली विकायची. पेलोटॉनबरोबरच्या पेटंटच्या भांडणात तिनं माघार घेतली आणि मार्च २०२० मध्ये घरच्या सायकलींवरची वर्गांची सेवाच बंद केली. लोकांच्या दिवाणखान्यात हजारो डॉलरची सायकल, आणि तिचा स्क्रीनवरचा जीव एका रात्रीत गेला. पेलोटॉनची वर्गणीही जून २०२२ मध्ये महिन्याला ३९ वरून ४४ डॉलर झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पन्नासच्या घरात गेली. सायकल तुमच्या घरात, पण किल्ली त्यांच्याकडे. प्रॉडक्शनमध्ये असलं अवलंबित्व कोणी आणलं असतं तर आपण रिव्ह्यूमध्येच हाणून पाडलं असतं. घरात मात्र कौतुकानं आणतो.

असो. हा झाला हिशेबाचा भाग. मला खरं भांडायचंय ते वेगळ्याच मुद्द्यावर.

हे पुणं आहे राव! सायकलींचं शहर म्हणून एके काळी मिरवलेलं. बाबा तीस वर्षं सदाशिव पेठेतून खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत सायकलनं गेले. जाऊन-येऊन रोज पंधरा किलोमीटर. पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, हे मी लहानपणी स्वतः पाहिलंय. बाबांनी आयुष्यात 'व्यायाम' केला नाही. ते फक्त कामावर गेले. आणि आज त्यांचा मुलगा तेच पंधरा किलोमीटर बाल्कनीत बसून, पंच्याऐंशी हजार देऊन, एकही इंच पुढे न सरकता चालवायचं म्हणतोय. सायकल आता कर्वेनगरच्या संग्रहालयात नाहीतर बाल्कनीत! रस्ता सोडून सगळीकडे.

"रस्त्यावर चालवायची कुठे? मरायचंय का?" बरोबर आहे. मलाही मरायचं नाहीये. पण रस्ता आपोआप गेला का? २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट बीआरटी आली, तिच्या बाजूनं सायकलींचे मार्ग आले. डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला आणि त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. काही वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या. आणि शहरातल्या सायकल ट्रॅकवर चारचाकी कोण लावतं? परग्रहवासी? आपणच! "दोन मिनिटांत येतो" म्हणून. मीही लावलीय.

आणि जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय शर्यत, तिच्यासाठी मार्गावरचे रस्ते गुळगुळीत झाले. म्हणजे होतात. करायचं ठरलं की होतात. मग बाराही महिने आपल्यासाठी का नकोत, हे विचारायचं कोणी?

आपण विचारत नाही. आपण विकत घेतो. नळाला पाणी नाही, टँकर घेतो. वीज जाते, इन्व्हर्टर घेतो. हवा खराब, फिल्टर घेतो. रस्ता नाही, तर सायकलच घरात घेतो. आणि ऑफिसकडे अर्धा तास मागायची लाज वाटते, म्हणून त्या अर्ध्या तासाची एक महागडी मूर्ती आणून बाल्कनीत तिची प्रतिष्ठापना करतो. माझ्यापुरतं सांगतो: मी पंच्याऐंशी हजार द्यायला तयार होतो, पण "साडेसातचा कॉल पुढे ढकलू या का?" हे एक वाक्य म्हणायला तयार नव्हतो. एवढं महाग मौन मी आजवर विकत घेतलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर अन्याय होईल. घरातली सायकल वाईट नाही. गुडघ्याचं दुखणं आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय, तर जरूर घ्या. घरात तान्हं बाळ आहे, बाहेर पडणं शक्य नाही, तर घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात तर कोणालाही उपयोगी. पण साधी घ्या. स्क्रीन नको, मोबाइल टेकवायला खाच पुरे. चुंबकी रोध असलेली बघा, कारण तिच्यात ब्रेकचं पॅड घासत नाही, त्यामुळे आवाजही कमी आणि झीजही कमी. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका दुवा देतील. आणि महागडीच हवी असेल तर माझा नियम पाळा: आधी उसनी किंवा जुनी आणा, तीन महिने चालवा, भिंतीवर कॅलेंडर टांगून फुल्या मारा. पन्नास फुल्या झाल्या तर खुशाल घ्या, मी पेढे घेऊन येईन. नाही झाल्या, तर तुमचे लाखभर रुपये वाचले, आणि बग सायकलीत नाही हेही कळलं.

माझ्या फुल्या तेरा झाल्या. म्हणून सायकल घेतली नाही.

त्याऐवजी गेल्या सोमवारी ते वाक्य म्हटलं. घसा खाकरून, दोनदा म्यूट-अनम्यूट करून म्हटलं. मॅनेजर म्हणाला, "चालेल की. सव्वाआठला ठेवू. मलाही मुलाला पोहायला न्यायचं असतं." एवढंच! दोन वर्षं आम्ही दोघंही एकमेकांसाठी तो कॉल ओढत होतो.

शनिवारी बाबांची जुनी सायकल माळ्यावरून काढली. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरं, चेन आणि दुकानदाराचं "साहेब, आता कोण चालवतं ही?" धरून २,३०० रुपये झाले. संध्याकाळी साडेसात ते आठ, आतल्या गल्ल्यांतून. मोठ्या रस्त्यावर अजून भीती वाटते, खोटं कशाला बोलू? वॉर्ड ऑफिसला आमच्या रस्त्यावरच्या सायकल ट्रॅकबद्दल एक अर्जही टाकलाय. गाडी आता तिथे लावत नाही, हे त्या अर्जात लिहिलं नाही, पण लावत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देईन. आकडा काय यायचा तो येईल.

काल परत आलो तेव्हा बाबा गॅलरीत उभे होते. "कुठे जाऊन आलास?" त्यांनी विचारलं.

"कमला नेहरू पार्कपर्यंत," मी म्हटलं. उत्तर देता आलं, याचंच बरं वाटलं.