गाडी लावायला जागा नाही, हे बरेच आहे

शिकागोच्या उत्तरेला लागून, मिशिगन सरोवराच्या काठी, एव्हन्स्टन हे पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचे शहर आहे. १८५१ साली स्थापन झालेले नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ ही त्याची ओळख आणि विद्यापीठाचे फुटबॉल स्टेडियम हे गेल्या काही वर्षांतले त्याचे दुखणे. सेंट्रल स्ट्रीटवर घरांच्या रांगांना खेटून १९२६ साली बांधलेले, ४७ हजार आसनांचे जुने स्टेडियम २०२४ मध्ये पाडले. त्याच जागी ३५ हजार आसनांचे, ८० कोटी डॉलरहून जास्त खर्चाचे नवे ‘रायन फील्ड’ बांधायला घेतले. २०२६ च्या हंगामात ते उघडायचे ठरले. फुटबॉलच्या जोडीला वर्षाकाठी सहा मोठ्या संगीत मैफली भरवण्याची मुभाही विद्यापीठाने मागितली होती. २० नोव्हेंबर २०२३ रोजी सिटी कौन्सिलमध्ये त्यावर समसमान मते पडली आणि महापौर डॅनियल बिस यांच्या निर्णायक मताने ती मिळाली. शहर मात्र दुभंगले ते दुभंगलेच.

या वादात कागद पुष्कळ खर्ची पडला. पण दारोदार ऐकू येणारा प्रश्न साधा होता : सामन्याच्या दिवशी एवढ्या गाड्या लावायच्या कुठे? विरोधकांनी हा प्रश्न शस्त्रासारखा वापरला आणि विद्यापीठाने त्याला शटल बसच्या आश्वासनांनी उत्तर दिले. माझ्या मते दोन्ही बाजू चुकल्या. मैदान वस्तीतच असावे, त्याच्याभोवती पार्किंग कमीच असावे आणि त्यातून होणारा त्रास आवरण्याचा खर्च विद्यापीठाने उचलावा. या तिन्ही गोष्टी एकत्र धरायच्या आहेत. त्यांतली एक काढली की उरलेल्या दोन टिकत नाहीत.

आधी विरोधकांचे म्हणणे पाहू. ते म्हणतात, पार्किंग पुरेसे नाही, म्हणून वाहतूककोंडी होते. पार्किंग वाढवा, नाहीतर स्टेडियम आवरा.

हिशेब मांडून पाहायला हरकत नाही. प्रेक्षक ३५ हजार. सगळे मोटारीने आले आणि एका गाडीत सरासरी तिघे बसले असे धरले, तर गाड्या साडेअकरा हजारांच्या वर जातात. एक गाडी उभी करायला, येण्याजाण्याची वाट धरून, साधारण ३०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे झाले ८० एकर. फुटबॉलचे मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्यांसह सव्वा एकराहून थोडे मोठे असते. एक मैदान खेळायला आणि साठ मैदाने गाड्या उभ्या करायला! तीही वर्षातल्या सहा-सात शनिवारांसाठी. बाकीचे साडेतीनशे दिवस तिथे डांबर तापत पडणार.

बरे, एवढी जागा मिळाली तरी सुटका आहे का? प्रेक्षक येतात ते दोन-तीन तासांत मागेपुढे येतात, पण निघतात सगळे एकदम. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याची एक मार्गिका तासाला फार तर सात-आठशे गाड्या सोडते. चार मार्गिका पूर्ण मोकळ्या मिळाल्या तरी शेवटची गाडी बाहेर पडायला साडेतीन तासांहून अधिक वेळ जाईल. उलट मेट्रा रेल्वेची दुमजली डब्यांची एक गाडी एका खेपेत हजारावर माणसे घेऊन जाते. कोंडी होते ती गाड्यांच्या संख्येमुळे. तिच्यावर उपाय म्हणून गाड्यांना आणखी जागा द्यायची, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

दुसरा मुद्दा इस्पितळाचा. स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर एव्हन्स्टनचे मोठे इस्पितळ आहे. रुग्णवाहिका कोंडीत अडकली तर काय, असे विरोधक विचारतात. त्यांचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्याने या वादात पडू नये. पण तो कोणत्या बाजूने जातो? इस्पितळ शेजारी असेल तर त्या परिसरात मोटारींना आमंत्रण देणारी प्रत्येक पार्किंगची जागा रुग्णवाहिकेच्या वाटेत येते. या मुद्द्याचा सरळ निष्कर्ष असा की सामन्याच्या दिवशी एक मार्गिका फक्त रुग्णवाहिका आणि बससाठी राखावी आणि स्टेडियमच्या दारापर्यंत खासगी गाडी येऊच देऊ नये. विरोधक मुद्दा बरोबर मांडतात आणि निष्कर्ष उलटा काढतात.

तिसरा मुद्दा भावनेचा आहे. अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा सामना खरा सुरू होतो पार्किंगमध्ये. गाडीचा मागचा दरवाजा उघडायचा, शेगडी पेटवायची, बर्गर भाजायचे, थंड बिअरच्या पेट्या उघडायच्या, जुने वर्गमित्र गोळा करायचे. याला ‘टेलगेटिंग’ म्हणतात. पार्किंग गेले की हा उत्सव गेला, असे जुनी मंडळी कळवळून सांगतात. त्यांनी मिसिसिपी विद्यापीठाकडे पाहावे. ऑक्सफर्ड गावातल्या त्या आवारात ‘द ग्रोव्ह’ नावाची साधारण दहा एकरांची झाडीची हिरवळ आहे. तिथले टेलगेटिंग अख्ख्या देशात नावाजलेले आहे. आणि तिथे १९९१ पासून गाड्यांना मज्जाव आहे. पावसात चाकांनी हिरवळीचा चिखल केला, म्हणून गाड्या बाहेर काढल्या. तेव्हापासून तंबू आले, टेबले आली, तंबूंत झुंबरे आली. उत्सवाला माणसे लागतात, शेगडी लागते, सावली लागते. गाडी नसल्याने त्याचे काही अडले नाही.

चौथा मुद्दा ‘मग स्टेडियमच दूर न्या’ हा. मोकळे रान, रुंद रस्ते, भरपूर जागा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने १९८२ पासून आपले सामने पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये खेळले. हे स्टेडियम विद्यापीठापासून चाळीसेक किलोमीटर दूर आहे. सामन्याच्या दिवशी शेजारच्या गोल्फ मैदानाच्या हिरवळीवर गाड्या लावतात आणि विद्यार्थी त्या शहराच्या कुप्रसिद्ध गर्दीतून बसने येतात. २०२५ मध्ये विद्यापीठाचा संघ इंगलवूडच्या सोफाय स्टेडियममध्ये हलवण्याची भाषा सुरू झाली आणि पॅसाडीना शहर कोर्टाची पायरी चढले. मैदान विद्यापीठापासून तोडले की संघ भाडेकरू होतो, आणि भाडेकरू कधी ना कधी घर बदलतो. गंमत अशी की फुकट पार्किंग प्रत्यक्षात किती महाग पडते, हे २००५ सालच्या जाडजूड ग्रंथात सिद्ध करणारे डोनाल्ड शूप याच यूसीएलएत शिकवत होते. ते म्हणत, गाडीवाला जे देत नाही ते भाड्यातून, किराणा मालाच्या दरातून आणि करातून इतर लोक देतात. त्यात गाडी नसलेलेही आले. आपल्याकडे याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

एवढ्याने विद्यापीठाने खुशीत यायचे कारण नाही. त्याची बाजूही तपासून घेऊ.

विद्यापीठ म्हणते, आसने ४७ हजारांवरून ३५ हजारांवर आणली, म्हणजे वाहतूक आपोआप घटली. ही कागदी बचत आहे. जुने स्टेडियम काठोकाठ भरायचे ते ओहायो स्टेटसारखा मोठा संघ पाहुणा आला म्हणजे. एरवी त्यात रिकामी बाकडी कमी नसत. जी आसने भरतच नव्हती, ती काढल्याने रस्त्यावरची एकही गाडी कमी होत नाही. उलट साडेअठ्ठावीस हजार श्रोत्यांच्या सहा मैफली नव्याने आल्या. फुटबॉलचा शनिवार वर्षभर आधी माहीत असतो. मैफलीचे तसे नाही. ती कामाच्या दिवशीही असू शकते, संध्याकाळी नोकरदार घरी परतण्याच्या वेळेला.

विद्यापीठ म्हणते, शहराला व्यापार मिळेल, रोजगार मिळेल. स्टेडियममुळे आसपासच्या प्रदेशाची भरभराट होते, हा दावा अर्थशास्त्रज्ञांनी इतक्यांदा तपासून नाकारला आहे की आता तो करणाऱ्यानेच पुरावा द्यावा. कुटुंब सामन्यावर जे पैसे खर्च करते, तेच त्याने एरवी सिनेमावर किंवा उपाहारगृहात केले असते.

आणि सगळ्यात नाजूक मुद्दा कराचा आहे. विद्यापीठाच्या सनदेत १८५५ साली दुरुस्ती झाली. तिने त्याच्या मालमत्तेला कायमची करमाफी दिली. याच दुरुस्तीने विद्यापीठापासून चार मैलांच्या आत दारूविक्रीलाही बंदी केली होती. दारूबंदी काळाच्या ओघात गेली, करमाफी मात्र शाबूत राहिली! अध्यापनासाठी दिलेली ही सवलत आता तिकिटे लावून भरणाऱ्या मैफलींच्या जागेलाही मिळणार असेल, तर शेजाऱ्याचा संताप समजण्यासारखा आहे. रस्ता तो राखणार, पोलीस त्याच्या करातून उभा राहणार, कचरा त्याच्या दारात पडणार. विद्यापीठाने शहराला १५ कोटी डॉलरहून जास्त मोबदला देण्याचा करार केला, हे खरे. पण करार ठरावीक मुदतीचा आहे आणि मागचे स्टेडियम जवळजवळ शंभर वर्षे उभे होते.

पार्किंगचा आरडाओरडा हा बऱ्याच अंशी या संतापाचा मुखवटा आहे, असे मला वाटते. करमाफीवर सिटी कौन्सिलचे काही चालत नाही. पार्किंगवर चालते, म्हणून सगळा राग तिथे ओतला जातो. रागाला जागा चुकली म्हणून राग खोटा ठरत नाही.

मग करावे काय? उत्तर शेजारच्या शिकागोतच आहे. १९१४ चे रिग्ली फील्ड हे बेसबॉलचे मैदान दाट वस्तीत उभे आहे. चाळीस हजारांवर आसने, पार्किंग नावापुरते, आणि हंगामात घरचे सामने ८१. एव्हन्स्टनला सहा-सातांनी घाम फुटतो! रिग्लीचे पुष्कळ प्रेक्षक रेड लाइन या शहरी रेल्वेच्या ॲडिसन स्थानकावर उतरतात, नाहीतर पायी येतात. १९८८ मध्ये तिथे दिवे लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी मोठा लढा दिला. त्यातून रात्रीच्या सामन्यांवर शहराने कायद्याने मर्यादा घातली; सुरुवातीला वर्षाला अठरा. आसपासच्या गल्ल्यांत रात्रीच्या सामन्यावेळी रहिवाशांच्या परमिटशिवाय गाडी लावता येत नाही. पुढे ही मर्यादा वाढत गेली. पण दर वेळी क्लबला शहराच्या दारात येऊन मागावे लागले, आणि मागणाऱ्याला काहीतरी द्यावे लागते. स्टेडियम बांधकामाच्या काळात २०२४ आणि २०२५ मध्ये नॉर्थवेस्टर्नने आपले काही घरचे सामने याच रिग्लीत खेळले. म्हणजे पार्किंगविना सामना कसा होतो, हे विद्यापीठाला ऐकून नव्हे, करून ठाऊक आहे.

‘अमेरिकन माणूस गाडी सोडणार नाही’ या आक्षेपाचे उत्तरही रिग्लीच देते. मराठी वाचकाला तर ते मुंबईतच मिळेल. वानखेडे रायन फील्डएवढेच, सुमारे ३३ हजारांचे. एका बाजूला चर्चगेट, दुसऱ्या बाजूला मरीन लाइन्स, आणि प्रेक्षकांसाठी पार्किंग जवळपास नाहीच. सामना सुटला की लोक लोकल पकडून घरी जातात. गहुंज्याचे स्टेडियम मात्र पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या कडेला, मोकळ्या जागेत. तिथून सामन्यानंतर बाहेर पडायला किती वेळ लागतो, हे एखाद्या पुणेकराला विचारावे.

रायन फील्डलाही दोन बाजूंनी रेल्वे आहे : पूर्वेला पर्पल लाइनचे सेंट्रल स्थानक, पश्चिमेला मेट्राचे सेंट्रल स्ट्रीट. अडचण इतकीच की शनिवार-रविवारी पर्पल लाइनची थेट गाडी शिकागोच्या मध्यभागातून सुटत नाही. हॉवर्डला गाडी बदलावी लागते. पोराबाळांसह, थंडीत, फलाटावर ताटकळत. माणूस मोटार काढतो तो इथे कंटाळून. तेव्हा विद्यापीठाने करायचे ते इथे. सामन्याच्या आणि मैफलीच्या दिवशी जादा थेट गाड्या सोडाव्यात आणि त्यांचे पैसे विद्यापीठाने भरावेत. तिकिटातच रेल्वे-बसचा प्रवास धरावा. जर्मनीतले कित्येक फुटबॉल क्लब हे वर्षानुवर्षे करतात आणि सिएटलचे क्लायमेट प्लेज अरीनाही करते. स्टेडियमभोवती जे थोडे पार्किंग उरेल, ते अपंगांना आधी, आणि इतरांना चढ्या दराने द्यावे. गल्ल्यांत रहिवाशांचे परमिट चालावे आणि दंडाची रक्कम त्याच गल्ल्यांच्या पदपथांवर खर्च व्हावी. मैफलींची संख्या आश्वासनात किंवा मुदतीच्या करारात न ठेवता कायद्यात लिहावी, आणि मोबदला स्टेडियम उभे असेतोवर चालू राहावा.

यावर विद्यापीठ खर्चाचे रडगाणे गाईल. पण रायन कुटुंबाने २०२१ मध्ये त्याला ४८ कोटी डॉलरची देणगी दिली, त्यातूनच या स्टेडियमची पायाभरणी झाली. छतापासून आसनांपर्यंत उंची वस्तू विकत घेणाऱ्याला शनिवारच्या चार जादा रेल्वेगाड्या परवडत नाहीत, हे कोण मान्य करील?

विरोधकांनाही एक सांगणे आहे. पुढच्या सभेत पार्किंगच्या जागा मोजत बसू नका. तुम्ही जितक्या जागा मागाल तितक्या गाड्या तुमच्याच दारात येतील, आणि विद्यापीठ त्या आनंदाने देईल, कारण डांबर रेल्वेपेक्षा स्वस्त पडते. मागायचेच तर रेल्वेगाड्यांचे वेळापत्रक मागा, परमिट मागा, कायद्यातली मर्यादा मागा. त्या मागणीला नाही म्हणताना विद्यापीठाला कारण सांगावे लागेल, आणि सांगण्याजोगे कारण त्याच्याकडे नाही.