सोने आणि मुलामा

सरकारे अबोला धरतात, तेव्हा शहरांनीही तोंड फिरवावे काय? ब्रिटन व चीन यांच्यापुरते आमचे उत्तर नकारार्थी आहे. परंतु शहरांच्या मैत्रीतही सोने कोणते आणि मुलामा कोणता, हे पारखून घेतले पाहिजे.

२०१५ मध्ये उभय सरकारांनी ‘सुवर्णयुगा’चा डंका पिटला. पाठोपाठ २०१६ मध्ये शेफील्ड नगरपालिकेने एका चिनी कंपनीशी साठ वर्षांचा करार केला. एक अब्ज पौंडांची भाषा झाली. पैसा मात्र आला नाही. २०२० मध्ये ब्रिटनने आपल्या नव्या दूरसंचार जाळ्यातून हुवावेची यंत्रे काढण्याचे ठरविले आणि सुवर्णयुगही सरले.

उलट, नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००४ मध्ये निंगबो येथे स्थानिक भागीदारासह विद्यापीठ उभारले. या साऱ्या रुसव्याफुगव्यांत त्याचे अध्यापन चालू राहिले. चिनी कायद्याच्या चौकटीत तेथे विचाराला किती मोकळीक मिळते, हा प्रश्न अर्थातच उरतो.

दोष एकाच पक्षाचा नव्हे. लिव्हरपूल १९९९ पासून शांघायचे भगिनी-शहर आहे. पण त्याच बंदरातून १९४५-४६ मध्ये ब्रिटिश सरकारने शेकडो चिनी खलाशांना गुपचूप हद्दपार केले. कित्येकांची बायकामुले मागेच राहिली. युद्धात हवी असलेली माणसे युद्ध संपताच नकोशी झाली!

म्हणून नगरपित्यांनी पौंडांचे आकडे मिरवू नयेत. वर्गात प्रश्न विचारण्याची मोकळीक आणि परभूमीवरील माणसाला अभय, या दोन अटी त्यांनी करारात आधी लिहाव्यात. त्या मान्य नसतील, तर ती मैत्री नव्हे. निव्वळ सौदा होय.